मावलाईच्या जावयाची मुलाखत

स्केमबोरने एकच अट घातली होती. "काय विचारायचं ते विचार, इबा. पगार विचार, वजन विचार, मॅट्रिकला किती वेळा बसलो ते विचार. पण 'चाव्यांचा जुडगा' या गाण्याचं नाव माझ्या घरात काढायचं नाही."

इबाशिशाने लगेच मान डोलावली. ते गाणं ऐकलेलं नाही असं माणूस शिलाँगमध्ये शोधून मिळालं नसतं. मिळालं असतं तर एकच, आणि ते नेमकं स्केमबोरच्या घरात राहत होतं. ती त्याची सासू होती.

स्केमबोर दिवसा वजनमापे खात्यात निरीक्षक होता. बडाबाजारात फिरून कसायांचे आणि बटाटेवाल्यांचे काटे तपासायचे, खरे असले तर शिक्का मारायचा, खोटे असले तर जप्त करायचे. संध्याकाळी घरामागच्या सरपणाच्या खोपटात बसून तो गिटारवर गाणी रचायचा. कुठल्या कंपनीशी करार नाही, मॅनेजर नाही. स्वतःच गायची, स्वतःच रेकॉर्ड करायची आणि इंटरनेटवर सोडून द्यायची. पहिली दहा गाणी त्याच्या ऑफिसातल्या मंडळींनी ऐकली, तीही साहेब आहेत म्हणून. अकरावं मात्र असं सुटलं की गुवाहाटीच्या ट्रकवाल्यांपर्यंत पोचलं.

*चाव्यांचा जुडगा कमरेला गं, सरकार माझ्या घराला गं,*
*बारा वर्षं झाली तरी पाहुणा मी, साखर मोजून चहाला गं!*

धाकट्या मुलीशी लग्न केलं की सासूच्या घरी राहायला जायचं, यात शिलाँगच्या मावलाई भागात कुणाला नवल नाही. अर्ध्या मावलाईतले जावई असेच राहतात. म्हणून तर गाणं प्रत्येकाला आपलंच वाटलं. पण ते कुणावरून सुचलं हेही प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण चाव्यांचा एवढा मोठा जुडगा कमरेला लावून चर्चमध्ये येणारी बाई एकच, कोंग ड्रिमसिबोन, म्हणजे स्केमबोरची सासू (तिकडे मानाने बाईला 'कोंग' म्हणतात, पुरुषाला 'बाह'). वय पंच्याहत्तर, डावा कान पार गेलेला, उजवा अर्धा. तिला कळू नये म्हणून सगळ्या मोहल्ल्याने संगनमत केलं होतं. ती दिसली की पानवाली रेडिओ बंद करायची, टॅक्सीवाले गाणं बदलायचे. पाद्रीसाहेबांनासुद्धा एकदा चालता चालता शीळ अर्ध्यात गिळावी लागली होती.

इबाशिशाने शब्द दिला तेव्हा तो पाळायचाच, असं तिच्या मनात होतं. दोन वर्षं ती आणि तिचा कॅमेरामन किट दोघं मिळून लग्नाचे व्हिडिओ करत होती. केक कापताना, फुगे सोडताना, नवऱ्यामुलाचा मामा नाचताना. आता दिल्लीच्या एका वाहिनीने देशभरातल्या स्वतंत्र गायक-वादकांच्या मुलाखतींची मालिका काढली होती आणि शिलाँगचा भाग इबाला दिला होता. खाली तिचं नाव येणार होतं. आईने तर आताच चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं.

पण शूटिंगच्या आदल्या दिवशी दिल्लीहून वाहिनीच्या कुणाल भसीनचा फोन आला.

"ते जुडग्याचं गाणं हवंच हं इबा. त्याच्यासाठीच तर त्याला घेतलाय. आणि संघर्ष हवा. कलाकार म्हटला की संघर्ष आला. कुठेतरी गळा दाटून यायला हवा. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तमच."

"त्यांच्या घरात त्या गाण्याचं नाव काढायचं नाही, असं ठरलंय."

"मग बाहेर कुठे करा."

"ते ज्या खोपटात गाणी करतात तिथेच शूटिंग करा, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो, खोपट पाहिजेच," कुणाल म्हणाला. "खोपटात संघर्ष दिसतो."

इबाने फोन ठेवला आणि बराच वेळ नखं कुरतडत बसली. मग तिने स्केमबोरच्या बायकोला, दारिहुनला, फोन लावला. दारिहुन शाळेत गणित शिकवायची. तिने पाच मिनिटांत तोडगा काढला. शनिवारी सकाळी ती आईला घेऊन बडाबाजारात जाईल. सुकी मासळी घ्यायची, लोकर घ्यायची, मावशीकडे डोकवायचं. दुपारी दोनच्या आत काही परत येत नाही. तेवढ्यात गाणं उरकून घ्या. स्केमबोर आधी नको म्हणाला. मग "दोन वाजेपर्यंत नक्की ना?" असं त्याने तीनदा विचारलं, आणि कबूल झाला.

शनिवारी आठ वाजता इबा आणि किट पोचले तर म्हातारी अजून घरातच. निघायच्या तयारीत होती, पण पाहुण्यांना उपाशी ठेवून जाणारी नव्हती. तिने जादोह भाताचे दोन डोंगर वाढले, डुकराच्या मांसाचे तुकडे वरून लावले आणि समोर ठाण मांडून बसली.

"काय करता तुम्ही पोरं?"

"मुलाखत घेतो, कोंग! बाह स्केमबोरची!" इबा तिच्या उजव्या कानाशी ओरडली.

"कशाबद्दल?"

इबाने स्केमबोरकडे पाहिलं. स्केमबोरने ताटाकडे.

"वजनमापांबद्दल," किट तोंडात घास असताना म्हणाला.

"बरं करता. त्याला काट्यातलं कळतं," म्हातारी म्हणाली. "घरातलं काही कळत नाही, पण काट्यातलं कळतं." आणि चाव्या खळखळवत ती दारिहुनबरोबर निघून गेली.

खोपटात जागा एवढीशी की स्केमबोर एका ओंडक्यावर बसला, इबा दुसऱ्या ओंडक्यावर, आणि किट अर्धा आत, अर्धा दाराबाहेर. किटला आवाजाचं भारी वेड. लग्नातसुद्धा तो केक कापल्याचा आवाज वेगळा घ्यायचा. त्याने स्केमबोरच्या कॉलरला माइक लावला, गिटारसमोर दुसरा ठेवला, हेडफोन चढवले आणि डोळे मिटून घेतले.

"शेजारी कुणीतरी रंधा मारतंय."

इबा जाऊन शेजारच्या सुताराला विनवून आली. तो थांबला, पण मुलाखत बघायला कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"कोंबडा," किट म्हणाला.

स्केमबोर स्वतः उठला, कोंबड्यावर टोपली उपडी घातली आणि परत ओंडक्यावर बसला. इबाने कागद काढला. दिल्लीचे प्रश्न वरच होते.

"बाह, या प्रवासात खूप संघर्ष करावा लागला असेल ना?"

स्केमबोरने प्रामाणिकपणे विचार केला. "एकदा गिटार टॅक्सीत विसरलो होतो."

"मग?"

"ड्रायव्हरने आणून दिली. भला माणूस."

"लहानपणी हालअपेष्टा? उपासमार?"

"अगं, बापाचं मटणाचं दुकान होतं."

"समाजाने नाकारलं असेल. कुणी म्हटलं असेल, गाणंबिणं सोड."

"चर्चमध्ये एका नाताळात मला एकट्याने गाऊ दिलं नाही."

इबा पुढे सरकली. "का?"

"सर्दी झाली होती मला."

कुंपणाशी सुतार फिदीफिदी हसला. इबाने कागद घडी करून ओंडक्याखाली सारला आणि मनातलं विचारलं, "बाह, तुम्हाला गाणी सुचतात कशी?"

तिथून माणूस खुलला. बाजारात काटे तपासताना विक्रेत्या बायका ज्या ठेक्यात ओरडतात तो ठेका त्याच्या डोक्यात बसतो, असं तो सांगू लागला. मिरचीवाली वरच्या पट्टीत, मासळीवाली खर्जात. त्याने दोघींच्या नकला केल्या. एका कसायाने काट्याच्या तळाशी लोहचुंबक चिकटवलं होतं आणि पकडला गेल्यावर 'हे देवाने लावलंय' म्हणाला, ती गोष्ट त्याने अशी सांगितली की किटला हेडफोन धरून हसावं लागलं. इबाला वाटलं, हे खरं. हेच हवं होतं.

साडेदहाला तिने घसा साफ केला. "आता ते."

स्केमबोरने घराकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, सुताराला म्हणाला, "तू जरा रस्त्यावर नजर ठेव." मग गिटार मांडीवर घेतली आणि 'चाव्यांचा जुडगा' सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायला. रेकॉर्डवर असतं त्यापेक्षा सावकाश. म्हातारी चालते तशी मान हलवत, मधेच गिटार सोडून ती क्वायचं, म्हणजे सुपारीचं, पान लावते तसे हात करत. सातही कडवी. सुतार रस्ता सोडून खोपटाकडेच बघत बसला होता.

शेवटचा सूर विरला, आणि पाठीमागे चाव्या वाजल्या.

"मावलाईच्या पुलावर दीड तास!" म्हातारी दारातून गरजली. "गाड्या हलेनात की डुलेनात. मी म्हटलं, मरो तो बाजार. आले उतरून चालत." तिच्यामागे दारिहुन दोन्ही हात वर करून उभी होती, म्हणजे माझा इलाज नव्हता. "काय रे, गात होतास ना आता? हात हलत होते तुझे."

"थोडंसं, मेय." सासूला तो 'मेय', म्हणजे आई, म्हणायचा.

"वजनमापांवर गाणं?"

स्केमबोरने गिटार खाली ठेवली. खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसाने ऐन वेळी खोटं शोधावं तर अर्धं खरंच हाती लागतं. "सरकारवर आहे, मेय."

"सरकारवर!" म्हातारीचा चेहरा पालटला. "सरकारी नोकरी करतोस आणि सरकारवर गाणी म्हणतोस? नोकरी जाईल तुझी! पोराबाळांचं काय? बघू, काय म्हटलंयस ते. ऐकव मला."

"नाही मेय, तसलं काही नाही त्यात..."

"मी ठरवीन आहे की नाही."

इबा मध्ये पडली. "कोंग, तुम्हाला ऐकू यायचं नाही नीट, राहू दे ना."

आणि इथे किटने घात केला. त्याच्या मनात पाप नव्हतं. गेला तासभर तो स्वतःच्या ध्वनिमुद्रणावर इतका खूष होता की आजूबाजूला काय चाललंय हे त्याच्या गावीही नव्हतं. "ऐकू येईल की!" तो म्हणाला. "आवाज इतका स्वच्छ आलाय, कोंग, ऐकाच." आणि इबाने त्याच्या पायावर पाय देईपर्यंत हेडफोन म्हातारीच्या डोक्यावर बसलेसुद्धा.

म्हातारी इबाच्या ओंडक्यावर टेकली. पहिल्या सुराबरोबर दचकली आणि ओरडली, "अगंबाई! कानातच बसलाय की हा!" बारा वर्षांत तिने जावयाचा गाता आवाज कधी धड ऐकला नव्हता. खोपटातून भिंतीपलीकडे येणारी एक गुणगुण तेवढी तिला ठाऊक होती. ती मान लववून ऐकू लागली. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. स्केमबोर भिंतीला टेकून उभा होता, जप्त झालेल्या काट्यासारखा. इबाला वाटलं, पुढे व्हावं, हेडफोन काढावेत, पाय धरावेत. आपण शब्द दिला होता, शब्द मोडला, आणि वर चलाखी केली, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

गाणं संपलं. "पुन्हा लाव," म्हातारी म्हणाली.

किटने पुन्हा लावलं. आता त्याच्याही लक्षात आलं होतं आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. दुसऱ्यांदा ऐकून तिने हेडफोन काढले, पदराच्या गाठीतून क्वाय काढली, पान दुमडलं, तोंडात टाकलं.

"ही बाई कोण रे?"

कुंपणाशी आता सुताराबरोबर त्याची बायको आणि पलीकडच्या दोघीतिघी जमल्या होत्या.

"चाव्या माझ्यासारख्याच दिसतात तिच्या," म्हातारी म्हणाली. "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"शेजारी... थोड्या लोकांना," स्केमबोर पुटपुटला.

"आठ लाख," दारिहुन म्हणाली. गणिताची बाई, तिला आकडा चुकवता येईना.

म्हातारी दोनदा चघळली. मग उठली, स्केमबोरसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हो बाजूला." त्याच्या ओंडक्यावर बसली, शाल सारखी केली, किटकडे वळली. "ते यंत्र चालू आहे का?"

"हो, कोंग."

"मग राहू दे."

तिचा थोरला भाऊ आपल्या काळात नावाजलेला तिरंदाज होता. तिरंदाजीच्या सामन्यात दोन गावांचे लोक एकमेकांना फावारमध्ये चिडवतात. एकाने यमक जुळवून टोला हाणायचा, बाकीच्यांनी 'होइ-किव!' म्हणून गजर करायचा. हा पुरुषांचा खेळ. पण भावाला यमकं जुळवून देणारी बहीणच होती, हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. तिने उजवा हात हवेत उचलला आणि खणखणीत आवाजात सोडलं:

*साखर मोजते म्हणून गातो, चमचे कुणी मोजले रे?*
*चोरून डबा कुणी उघडला? मुंगळे कुणी पोसले रे?*

मग सुतार न राहवून ओरडला, "होइ-किव!"

*दुनियेचे काटे तपासतो, शिक्के मारतो बाजारी,*
*स्वतःचं पोट चढव काट्यावर, काटाच पडेल आजारी!*

"होइ-किव!" आता कुंपणाशी आठ-दहा माणसं होती. दारिहुन तोंडाला रुमाल लावून भिंतीशी वळली होती. तिचे खांदे हलत होते.

*पाहुणा म्हणे बारा वर्षं! पाहुणा असतो दो दिसांचा,*
*तिसऱ्या दिशी सरपण फोडतो, तोच जावई नशिबाचा!*

हा गजर असा झाला की टोपलीखालचा कोंबडाही आरवला. किटने त्याबद्दल तक्रार केली नाही. तो दोन्ही डोळ्यांतून पाणी गाळत हसत होता आणि कॅमेरा कुंपणाकडे वळवून लोकांचे चेहरे टिपत होता.

स्केमबोरला हसावं की पळावं ते समजेना. शेवटी त्याने गिटार उचलली आणि तिच्या यमकांच्या ठेक्यावर हळूच ताल धरला. म्हातारीने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणखी दोन टोले हाणले आणि दम लागला तशी थांबली.

लोक पांगायला लागले. तेव्हा ती बऱ्याच हलक्या आवाजात म्हणाली, "चांगला गातोस रे. इथे सरपणात बसून का गातोस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, मेय. लग्न झालं त्या वर्षी. गिटार दारुड्यांचं वाद्य आहे म्हणून."

"मी?" म्हातारीने आठवून पाहिलं. "अरे, ते मी पलीकडच्या वानसलानच्या गिटारबद्दल म्हटलं होतं. तो होताच दारुडा." तिने खोपटाच्या फटींकडे पाहिलं. "म्हणून तू बारा वर्षं इथे थंडीत बसतोस?"

स्केमबोरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो गिटारची खुंटी उगाचच पिळत होता. म्हातारीने पान दुमडून त्याच्यापुढे धरलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

इबाने किटकडे पाहिलं. किट अजून कुंपणाकडेच कॅमेरा लावून सुताराच्या बायकोचे हसणारे दात टिपत होता.

त्यामुळे काय निसटलं ते नीट कळलं सोमवारी, दिल्लीला तुकडे पाठवल्यावर. कुणालचा फोन आला. "म्हातारी भन्नाट आहे! पण डोळ्यांत पाणी कुठाय? तू म्हणालीस तो रडला."

"रडले. आमच्याकडे ते नाही."

"मग काय आहे तुमच्याकडे?"

"हसणारे दात," इबा म्हणाली. "आणि कोंग ड्रिमसिबोनची परवानगीही अजून आमच्याकडे नाही. ती मिळाल्याशिवाय तुम्ही एक सेकंदही दाखवायचा नाही." आपण दिल्लीशी असं बोलू शकतो, हे तिचं तिलाच नवीन होतं. एकदा शब्द मोडून झाला होता, दुसऱ्यांदा मोडायची तिची तयारी नव्हती.

पुढच्या शनिवारी ती लॅपटॉप घेऊन मावलाईला गेली. आधी तिने स्केमबोरची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे गं. आता बैठकीच्या खोलीत बसून वाजवतो. फक्त एक झालंय, प्रत्येक ओळीला टीका येते." मग म्हातारीच्या कानावर हेडफोन चढवून इबाने सगळी बारा मिनिटं दाखवली. घरचे मागे उभे राहून म्हातारीचं तोंड बघत होते.

"हा एवढा वेळ काय बोलतोय?" सहाव्या मिनिटाला तिने विचारलं.

"मुलाखत त्यांचीच आहे, कोंग."

"असेल. पण लोक कंटाळतील." बाराव्या मिनिटाला तिने हेडफोन उतरवून मांडीवर ठेवले.

"दाखवा," म्हातारी म्हणाली. "पण असं नाही. माझ्या मागे तो फाटका बनियन वाळत घातलाय दोरीवर, दिसतोय ना? आठ लाख लोकांना जावयाचा बनियन दाखवतेस? पुन्हा काढ सगळं. आणि आठवडाभरात मला आणखी चार सुचलीत."

"मेय!" स्केमबोर ओरडला.

"तू गप. जा, आधी तो बनियन काढ दोरीवरून."

तो उठून मागे गेला. इबाने फोन काढून किटला लावला आणि म्हणाली, "माइक दोन्ही आण. आणि या वेळी कॅमेरा जागचा हलवलास तर बघ."